झाकणांवरचं कुंकू

कंपनीचा फॉर्म मोबाइलवर आलाय. संध्याकाळी सहाच्या आत भरला नाही तर पुरवठादारांच्या यादीतून नाव जाईल. साकीनाक्याच्या या गाळ्यात सहदेव औषधाच्या बाटल्यांची झाकणं पाडतो, आणि ती घेणारी आता ही एकच कंपनी उरलीय. तो सांगतो, मुलगी जान्हवी टाइप करते.

१. नाकारलेला माल
पांढरी झाकणं. दहा हजार.

२. दोष
गुलाबी ठिपके.
"ठिपके कसले? थोडी झाक म्हण."
"बाबा, त्यांनी फोटो लावलाय."

३. इतर ग्राहक (किमान दोन) *
"हे नंतर बघू."

४. दोषाचं कारण
(फॉर्ममध्ये न मावलेलं.)
खंडेनवमीला मशीन बंद. त्या सकाळी मालन, सहदेवची बायको, मशीनची डाय, म्हणजे झाकणांचा साचा, उघडून आत हळदकुंकू वाहते. लग्न झाल्यापासून. यंदा वाहून झालं आणि कंपनीच्या नितेशचा फोन आला.
"काका, मशीन लावा ना. संध्याकाळी गाडी पाठवतोय."
"आज खंडेनवमी रे."
"जमत नसेल तर सांगा. सिल्वासाच्या कारखान्याला देतो."
नऊ गिऱ्हाइकं होती तेव्हा सहदेव सरळ सांगायचा, परवा ये. एक रुसला तरी आठ असायचे.
त्याने डाय फडक्याने पुसली आणि मशीन लावलं. आट्यांत बसलेलं कुंकू निघालं नाही.

फॉर्ममध्ये गेलं: डायची अपुरी स्वच्छता.

५. पुन्हा होऊ नये म्हणून उपाय
"लिही, डायला बाईमाणसाचा हात लागणार नाय."
मालन परत आलेली झाकणं निवडत होती, एखादं चांगलं निघेल म्हणून. तिने मान वर केली.
"आणि चोवीस वर्षं झाकणांच्या कडा कोणी तासल्या वो? तुमच्या नितेशनं?"

"पूजा बंद, एवढंच लिही गो," मालन जान्हवीला म्हणाली. "बाईमाणूस खोड."

३. (परत)
हे भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाईना.
पार्ल्याचा काढेवाला: कंपनीने घेतला.
मुलुंडचा मलमवाला: कंपनीने घेतला.
बोरिवलीचा खोकल्याच्या औषधाचा कारखाना: कंपनीने घेतला, मग बंद केला.
बाकीच्या सहांचंही तेच. पाट्या नऊ, मालक एक.
जान्हवीने तरी पहिली दोन नावं टाकली. लाल अक्षरं आली: हे आमच्याच समूहातील उद्योग आहेत. अन्य ग्राहक नोंदवा.
खाली बारीक टीप: एकाच ग्राहकावर अवलंबून असलेला पुरवठादार जोखमीचा मानला जाईल.
"दुसरा ठेवलाय कुठे भडव्यांनी!" सहदेव ओरडला. "नितेशला लाव."
"लावला. म्हणतो, काका, सिस्टीम आहे ना, माझ्या हातात काय."

सहा वाजले. फॉर्म आपोआप मिटला.

मालन उठली. देव्हाऱ्यातून करंडा आणला, मशीनची डाय उघडली आणि बोट आत दाबून आट्यांत कुंकू भरलं. मग रॅकवरच्या जुन्या गिऱ्हाइकांच्या आठ डायही एकेक करून उघडायला घेतल्या.
"आता हे कशाला?" सहदेव म्हणाला.
"लावू द्या," ती म्हणाली. "आता कोण परत पाठवतंय?"