भामाचा रंग

"काका, तुम्ही परत सेल्सवर गेलात," प्रणिता म्हणाली. "मला लाइफ पाहिजे. तुमची."

नारायणगुड्याच्या त्या फ्लॅटमध्ये एकनाथरावांना कितीतरी दिवसांनी कुणी 'बोला' म्हणत होतं, आणि ते सुटले होते. प्रणिता विद्यापीठासाठी जुन्या धंद्यांतल्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करायची. एकनाथराव फिल्म रोलच्या कंपनीतून विभागीय मॅनेजर म्हणून रिटायर झालेले. रोल गेले, कंपनी गेली, बायको गेली, मुलगा रितेश कॅनडात. ऐकायला समोर माणूस बसलंय म्हटल्यावर त्यांनी चहासुद्धा दोनदा केला.

"लाइफ म्हणजे तेच गं. बरं, नमुना कार्डाचं सांगतो. फोटो छापायच्या लॅबमध्ये मशीनपाशी एका बाईचा फोटो टांगलेला असायचा. त्याच्याशी ताडून रंग बसवायचा. पण ती बाई परदेशातली, गोरी. तिच्या मापानं छापलं की आपली माणसं राख फासल्यासारखी दिसायची. लोक भांडायचे, कायकू साब, दुल्हन को बीमार बना दिये!"

"मग?"

"मग मी वर भांडलो. आपल्या रंगाची बाई पाहिजे म्हटलं. मॉडेलला मंजुरी मिळेना, तर घरच्याच बाईला स्टुलावर बसवलं."

त्यांची बायको भामा तेव्हा जाम चिडली होती. 'माझं तोंड काय गावोगाव टांगायचंय?' पण टांगलं. आदिलाबादपासून नांदेडपर्यंत जिथं कंपनीची लॅब, तिथं मशीनशेजारी सावळी भामा. एकदा नांदेडला ती लग्नाचे फोटो आणायला गेली, तर लॅबवाल्यानं ओळखून खुर्ची दिली, थंडा मागवला. त्या खुर्चीचा तोरा तिनं पुढं जन्मभर मिरवला आणि एकनाथरावांनी तो आनंदानं सोसला.

"ते कार्ड बघायला मिळेल?"

"तेच तर नाही." कार्ड कंपनीचं, कुणी घरी न्यायचं नाही, हा नियम एकनाथरावांनीच केलेला. तो आपल्याच बायकोसाठी मोडायचा कसा? त्यांनी भिंतीवरच्या हार घातलेल्या फ्रेमकडे बोट केलं. "ही रितेशनं करून घेतली. दुकानवाल्यानं तिला गोरी करून सोडलं. माझ्या घरात! हार घालताना कुणी परकी बाई वाटते मला. तू जुन्या लॅबांत फिरतेस ना, बेटा? कुठं कार्ड दिसलं तर सांग. मला ती होती तशी पाहिजे."

काही दिवसांनी प्रणिताचा फोन आला. "काका, मिळालं! गौलीगुड्यात, गौतमच्या दुकानात."

गौतमचे वडील शंकरराव तिथं लॅब चालवायचे. गौतम आता पासपोर्ट फोटो काढतो. एकनाथराव इस्त्रीचा शर्ट घालून प्रणिताबरोबर गेले. बंद पडलेल्या मशीनमागून गौतमनं कार्ड काढलं, फडक्यानं पुसून त्यांच्या हातात दिलं. भामाच होती. पण साडी, गाल, कडेच्या रंगांच्या पट्ट्या, सगळं एकच लालसर होऊन गेलेलं. ज्या कार्डाशी ताडून सगळ्या मुलखाचे चेहरे बरोबर केले, त्याचाच रंग उडाला होता.

"टेन्शन नक्को, साहेब," गौतम म्हणाला. "स्कॅन करून रंग आणतो. कुठं थांबायचं तेवढं सांगा. तुमच्यासारखी नजर कुणाचीच नव्हती, बाबा सांगायचे."

स्क्रीनवरची भामा सावळी झाली.

"असं?"

"अजून थोडं."

ती गडद झाली. "असं?"

"नाही. मागं घे."

पिवळसर झाली, मग तांबूस. "आता बरोबर, साहेब?"

एकनाथराव स्क्रीनजवळ वाकले. लांबून प्रिंट बघून चूक काढणारा माणूस, पण त्यांना बायकोचा रंग आठवेना. आयुष्यभर त्यांनी कार्ड निरखलं होतं. भामा काय, घरातच होती. ती गेली त्या दिवशीही त्यांना इतकं एकटं वाटलं नव्हतं.

"काका?" प्रणितानं हळूच विचारलं आणि रेकॉर्डर बंद केला.

"रंग काढून टाक," ते गौतमला म्हणाले.

"ब्लॅक अँड व्हाइट? तुम्ही सांगता, साहेब?"

"हौ. काढ."

गौतमनं रंग काढला. मागं राहिली ती स्टुलावर ओठ दुमडून बसलेली, नवऱ्यावर चिडलेली भामा. तेवढी मात्र हुबेहूब होती. प्रिंट निघाला तसा तो घेऊन एकनाथराव जुन्या सवयीनं दुकानाच्या दारात, उन्हात गेले आणि रंग बरोबर आलाय का ते बघत उभे राहिले.