थांबायची परीक्षा

हिंडणंफिरणं हा प्रत्येक बालकाचा जन्मसिद्ध हक्क आहे, असं अपंग मुलांच्या केंद्राच्या दारावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. त्यासाठी आधी परीक्षा पास व्हावी लागते, हे आत गेल्यावर कळायचं.

परीक्षा होती तीन वर्षांच्या भिंगरीची. आईच्या पोटात फार गिरक्या घ्यायची म्हणून हे नाव पडलं. जन्मल्यावर पायांनी साथ दिली नाही, पण एकदा पडलेलं नाव कोण उचलणार? ठेवाल तिथे राहणारी पोर. केंद्रातल्या मोटरवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्चीत बसवल्यावर तिने दांडी पुढे ढकलली आणि जन्मात पहिल्यांदा बापापासून लांब पळाली.

"थांब!" परीक्षक बाई ओरडल्या.

भिंगरी खिदळत कचऱ्याच्या डब्यावर आदळली. मजा आली म्हणून मागे येऊन पुन्हा आदळली.

"हाकेला थांबत नाही. अशी खुर्ची घरी कशी द्यायची?"

"बाई, चालती पोरं तरी कुठे थांबतात?" बाप म्हणाला.

"त्यांना आम्ही खुर्ची देत नाही ना! पुढच्या महिन्यात आणा. तेव्हाही जमलं नाही, तर खुर्ची दुसऱ्या मुलाला जाईल."

बाप गोदीत क्रेन चालवायचा. दांडी म्हणजे त्याच्या घरचं कार्य. त्याने भिंगरीला चाकांच्या स्टुलावर बांधलं, पुढ्यात डब्यात रोवलेली पळी दिली. पळी वळेल तिकडे तो स्टूल ढकलायचा. नियमही क्रेनचेच: थांब कोणीही म्हणो, थांबायचं, आणि खालून खुणा करणाऱ्या माणसाचा हात हलल्याशिवाय जागचं हलायचं नाही.

"पोरगी आहे की तुमची क्रेन?" बायको म्हणाली.

"माझ्या क्रेनखाली आजवर कुणाची चप्पलसुद्धा आली नाही."

महिन्याभरात भिंगरी पक्की तयार झाली.

परीक्षेला बापाला काचेबाहेर उभं केलं. बाई हाताची घडी घालून म्हणाल्या, "हं बेटा, जा पाहू."

भिंगरी ताठ बसली. हात दांडीवर, नजर बाईंच्या हातांवर.

"जा ना! बघ, चेंडू!"

घडी काही सुटली नाही. बापाने काचेवर टकटक करून हात उंचावला, तशी बाईंनी पडदा ओढला. "खुणा नकोत. आतून ओढ हवी."

"बाई, नुसता हात हलवा हो!" बाप पडद्याला सांगत राहिला.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. "शिस्त छान लावलीत," बाई म्हणाल्या, "पण हिला हिंडायची इच्छाच नाही. इच्छा नसेल तिथे आम्ही तरी काय करणार?"

पोरीला तयार बापानेच केलं होतं. तक्रार कुणाची करायची?

बाईंनी वाकून खुर्चीमागे काहीतरी केलं, मग समोर येऊन भिंगरीला प्रेमाने हात हलवला. "टाटा, बेटा!"

भिंगरीचा चेहरा उजळला. तिने दांडी पुरी पुढे ढकलली.

खुर्चीचं बटण बंद केलेलं होतं.