सुरगाठ सोडणारं मुंगूस

मित्रांनो, क्षणभर असं समजा, की तुम्ही एका टेबलावर उभे आहात. समोर एक मोठा माणूस बसला आहे. त्याला बघायला सगळं गाव वाडीच्या कुंपणापाशी जमलं आहे. त्याच्या कपड्यांना अत्तराचा वास येतो आहे. तो तुमच्याकडे बघून गोड हसतो. तुम्ही काय कराल? तुम्हीही हसाल. मी मात्र हसलो नाही. मला संशय आला.

मी एक जुना बाहुला आहे, मुंगसाचा. हातमोज्यासारखा हातात चढवतात, तसला. माझं नाव टेहळ्या. माझं डोकं पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं आहे, अंग तपकिरी घोंगडीचं आणि मिश्या नारळाच्या झावळीतल्या हिरांच्या, म्हणजे काड्यांच्या. डोळे म्हणजे दोन काळे मणी. त्यातला उजवा मणी बसवताना जरासा तिरका बसला, त्यामुळे मी सगळ्यांकडे डोळा बारीक करून बघतो आहे असं वाटतं. लोक म्हणतात, मणी तिरका बसला म्हणून मी संशयी झालो. मला याचाही संशयच आहे. मी मुळातच तसा असेन.

मला वटार गावच्या रामचंद्र आजोबांनी घडवलं. ते तेव्हा शाळेत चित्रकला शिकवायचे आणि सुट्टीत मुलांना बाहुल्यांचे खेळ करून दाखवायचे. माझं डोकं त्यांनी कोरलं. माझं अंग शिवलं त्यांच्या बायकोने, प्रमोदिनी आजींनी. आजींचं खरं काम वाडीतलं. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, वाळलेल्या केळीच्या पानात गुंडाळायची आणि पुडकं केळीच्या सोपटाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या दोरीने बांधायचं. त्यालाच सुकेळी म्हणतात. आजींचं पुडकं दिसायला निरगाठीचं दिसे, पण ती असे सुरगाठ. तिचं टोक आजी पुडक्याच्या पोटाखाली दडवून ठेवत. ज्याला ते टोक ठाऊक, त्याने हलकेच ओढलं की दोरी सुटते. ज्याला ठाऊक नाही, तो वरून ओढत बसतो आणि गाठ आणखी घट्ट होते.

एके वर्षी मुंबईची माणसं आली. त्यांना मुलांसाठी बाहुल्यांचा सिनेमा करायचा होता, सगळ्या घराने मिळून बघावा असा. वाडीत चोर शिरतो आणि वाडीतले प्राणी त्याला शोधून काढतात, अशी त्याची गोष्ट होती. राखणदार मुंगूस म्हणून माझी निवड झाली. मला वाटलं, चला, आपल्या स्वभावाला शोभेल असं काम मिळालं.

पण सिनेमा विकायला एक ओळखीचा चेहरा लागतो म्हणे. म्हणून एका छोट्या प्रसंगासाठी त्यांनी विश्वंभर राजे या नटाला बोलावलं. ते नाव तेव्हा घराघरात होतं. राजेसाहेब सुकेळी घेणाऱ्या व्यापाऱ्याचं काम करणार होते. मी टेबलावर यायचं, त्यांना हुंगायचं आणि हा चोर तर नव्हे ना असा संशय घ्यायचा. एवढाच प्रसंग. पाहुणे कलाकार सकाळी आले आणि दुपारी जाणार होते.

त्या दिवशी वाडीत काय झालं, ते मी तुम्हाला पुढे सांगणार आहे. आत्ता एवढंच सांगतो, की सिनेमा आला, चालला आणि काही दिवसांनी विसरलाही गेला. तो प्रसंग मात्र राहिला. आधी तो सणासुदीला टीव्हीवर दिसे. मग मोबाईल आले आणि तो प्रसंग एकटाच गावोगावी फिरू लागला. त्यात राजेसाहेबांना पुडकं सुटत नाही. ते दोरी ओढतात, पुन्हा ओढतात, शेवटी वैतागून पानासकट पुडकं तोंडात घालतात. तेवढ्यात मी पुढे होतो, पुडक्याच्या पोटाखाली पंजा घालतो आणि दोरी अलगद सुटते. राजेसाहेब माझ्याकडे बघतच राहतात. मग म्हणतात, "अरे, राखणदार ना तू? मग चोराच्या हातात किल्ली देतोस होय!" आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात. ते वाक्य लिहिलेलं नव्हतं आणि ते हसूही लिहिलेलं नव्हतं. म्हणूनच ते लोकांना अजून आवडतं. एवढा मोठा माणूस खरोखरच फसला आणि खरोखरच हसला.

मी मात्र ट्रंकेत पडलो. माझ्या घोंगडीला कसर लागली. एक मिशी तुटली. पाहुणे यायचे, आजोबा मला बाहेर काढायचे, पाहुणे विचारायचे, "राजेसाहेब प्रत्यक्षात कसे दिसायचे हो?" आणि मी परत ट्रंकेत जायचो.

आता इशिताबद्दल सांगतो. ही आजोबांची नात. शहरात, फुलपाड्याला राहते, आईबाबांबरोबर. तिच्या सोसायटीने ठरवलं, की रविवारी गच्चीवर हा सिनेमा दाखवायचा आणि रामचंद्र आजोबांना शाल-श्रीफळ द्यायचं. इशिताने आनंदाने शाळेत सगळ्यांना सांगितलं. तिच्या बाकावर बसणारा मर्विन म्हणाला, "फेकू नको. तो व्हिडिओ एआयने बनवलाय."

"माझ्या आजोबांनी केलाय तो."

"एवढा मोठा अॅक्टर वटारला कशाला येईल? केळी खायला?"

सगळा वर्ग हसला. त्यानंतर मुलं तिला "केळीवाली" म्हणू लागली. मर्विन म्हणाला, "मी पण येणारे रविवारी. सगळ्यांसमोर विचारतो तुझ्या आजोबांना."

शनिवारी इशिता वटारला आली. आल्या आल्या तिने मला ट्रंकेतून काढलं आणि उलटसुलट करून बघितलं. तिची बोटं थंड होती. मी लगेच ओळखलं, हिच्या मनात संशय शिरला आहे. मित्रांनो, माझ्यासारख्याला तो वासावरून कळतो.

"आजोबा, राजेसाहेब खरंच आले होते?"

"म्हणजे काय! इथे, या ओट्यावर बसून दोन शहाळी प्यायले."

"मागच्या वेळी तुम्ही एक म्हणाला होतात."

"अगं, तेव्हा मी थोडक्यात सांगितलं असेन."

 एकाची दोन झाली, हे इशिताने लक्षात ठेवलं. मग ती ओट्यावर बसून आईच्या मोबाईलवर तो प्रसंग पुन्हा पुन्हा बघू लागली, थांबवून थांबवून. शेजारी प्रमोदिनी आजी पुडकी बांधत होत्या. इशिता एकदा पडद्याकडे बघे, एकदा आजीच्या हातांकडे. एकाएकी ती थांबली. तिने तयार पुडकं उचललं, पोटाखाली बोट घातलं, दडलेलं टोक शोधलं आणि ओढलं. दोरी सुटली. अगदी मी सोडतो तशी.

"एआयला हे कुठून कळणार!" ती म्हणाली.

रविवारी सकाळी आजी-आजोबा फुलपाड्याला आले. मी इशिताच्या दप्तरात होतो. तिने मर्विनला फोन करून आपल्या इमारतीच्या जिन्यात बोलावलं आणि त्याच्या हातात पुडकं दिलं. "सोड."

मर्विनने ओढलं, दातांनी धरलं, वरून नखं लावली. "माझी हिल्डा आजी पण असली पुडकी आणते नंदाखाल गावाहून. आम्ही कात्रीने कापतो," तो म्हणाला.

इशिताने एका बोटाने गाठ सोडली आणि मग त्याला तो प्रसंग हळू करून दाखवला. मर्विन बराच वेळ बघत राहिला. त्याने मला दप्तरातून काढून माझा तिरका डोळासुद्धा पडद्यावरच्या डोळ्याशी ताडून पाहिला. मला तो मुलगा आवडला. संशय घेऊन तो नुसता बसून राहिला नाही, जवळ येऊन बघत होता.

"खरं आहे यार," तो म्हणाला. "सॉरी. तुझे आजोबा भारी आहेत. टेबलाखालून, न बघता, एका हाताने गाठ सोडली."

इशिता उड्या मारत घरात गेली. आजोबा चहाला बसले होते. समोर सुकेळीचं पुडकं होतं आणि हातात पेन्सिल तासायचा जुना चाकू. त्यांनी चाकूने दोरी कापली.

इशिताच्या उड्या थांबल्या. "आजोबा, हाताने सोडा ना."

"हाताने? तुझ्या आजीची गाठ देवालासुद्धा सुटायची नाही. इतकी वर्षं झाली, मी कापतोच आहे."

इशिताने आजीकडे बघितलं. आजींनी चहाकडे बघितलं.

मित्रांनो, ज्या पुराव्याने तिच्या मनातला एक संशय गेला होता, त्यानेच दुसरा आत आणला. ती मला घेऊन, आजीला हाताने ओढत स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटलं.

"आजी, टेहळ्यात हात कुणाचा होता?"

"आवाज तुझ्या आजोबांचाच आहे, बाळा. नंतर मुंबईला जाऊन भरला त्यांनी."

"मी हाताचं विचारलं."

आजींनी हातातला कप खाली ठेवला. मग त्यांनी सांगितलं. मीही तुम्हाला तेच सांगणार होतो.

त्या सकाळी टेबलाखाली आजोबाच होते. पण ते राजेसाहेबांचे फार मोठे भक्त. साहेब समोर येऊन बसले आणि आजोबांचा हात थरथरू लागला. माझ्या मिश्या अशा हलू लागल्या की दिग्दर्शक ओरडला, "मुंगसाला थंडी वाजतेय का?" पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. सगळे साहेबांभोवती जमले असताना आजी पुडक्यांची टोपली घेऊन तिथे आल्या. त्यांनी टेबलाचा पडदा उचलून बघितलं आणि आजोबांना म्हणाल्या, "सरका. तुम्ही पाणी प्या." पदर खोचून त्या आत शिरल्या. माझं अंग त्यांनीच शिवलं होतं, त्यामुळे त्यांचा हात मला नवा नव्हता. वर साहेबांना पुडकं सुटेना, हे त्यांना दोरीच्या आवाजावरून कळलं. वाडीत पाहुण्याला पुडकं सुटलं नाही तर जे करायचं, तेच त्यांनी सवयीने केलं. हा सिनेमा आहे, याचा त्यांना क्षणभर विसरच पडला.

"मग तू सांगितलं का नाहीस?" इशिताने विचारलं.

"कुणी विचारलंच नाही. सगळे विचारायचे, साहेब दिसायचे कसे. आणि हे सांगायला बसले की किती खुलतात, बघतेस ना? पहिल्यांदा लोकांनीच ह्यांची पाठ थोपटली. दुरुस्त करू, दुरुस्त करू म्हणता राहून गेलं."

"पण हे खोटं आहे."

"म्हणून तर आज मला गच्चीवर यायचंच नव्हतं," आजी म्हणाल्या आणि कप धुवायला लागल्या.

संध्याकाळी गच्ची भरली. पांढऱ्या चादरीवर सिनेमा सुरू झाला. माझा प्रसंग आला तेव्हा लहान मुलं, त्यांचे आईबाप, दुकान लवकर बंद करून आलेली माणसं, सगळी एकदम हसली. मग आजोबांच्या खांद्यावर शाल घातली. सोसायटीच्या काकांनी माईकवर सांगितलं, "ही सगळी जादू आपल्या रामचंद्र काकांच्या हाताची." टाळ्या पडल्या. आजोबा दोन्ही हात जोडून उभे होते. आजी मागे, पाण्याच्या टाकीपाशी, बायकांमध्ये बसल्या होत्या.

तेवढ्यात मर्विन उठला. तो आता आजोबांच्या बाजूचा झाला होता आणि सगळ्यांची खात्री पटावी असं त्याला वाटत होतं. त्याने सुकेळीचं पुडकं उंच धरलं. "आजोबा, आत्ता लाइव्ह करून दाखवा ना. म्हणजे कुणाला डाउट राहणार नाही."

"दाखवा, दाखवा," मुलं म्हणाली.

कुणीतरी मला आजोबांच्या हातात चढवलं. मर्विनने पुडकं पुढे केलं. आणि माझ्या पोटात तो हात थरथरू लागला. माझ्या उरलेल्या मिश्या हलल्या. पुढच्या रांगेतली एक छोटी मुलगी म्हणाली, "मुंगूस घाबरलंय." आजोबांनी वरून दोरी ओढली. गाठ घट्ट झाली. त्यांनी इशिताकडे बघितलं. ते बघणं मी कधी विसरणार नाही.

पुढचं सांगण्याआधी तुम्हाला एक विनंती करतो, मित्रांनो. मला कसर लागली तर घोंगडीचा नवा तुकडा लावता येतो, मिशी तुटली तर दुसरा हीर मिळतो. पण पडद्यावर एखादा मोठा माणूस येऊन छान हसून जातो, तेव्हा नुसतं त्याच्याकडे बघू नका. त्याला हसवलं कुणी, तेही विचारा. संशय जरूर घ्या, मी तर आयुष्यभर घेतला. फक्त संशय घेतलात तर जवळ जाऊन बघायचे कष्टही घ्या. आणि खरं सापडलं, की ते कसं हाताळायचं याचाही विचार करा, कारण ते नाजूक असतं. कधी कधी माझ्यासारख्या जुन्या बाहुल्याहूनही नाजूक.

इशिता उठली, तेव्हा मला भीती वाटली. ही आता ओरडून सगळं सांगणार, असा मला संशय आला. तो चुकीचा निघाला.

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती पाण्याच्या टाकीपाशी गेली. आजी मान हलवून नको म्हणत होत्या, तरी तिने त्यांना हात धरून उठवलं आणि सगळ्यांमधून वाट काढत आजोबांच्या शेजारी आणून उभं केलं. मग काकांच्या हातून माईक घेतला, आजोबांच्या तोंडापुढे धरला आणि हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, आवाज तुमचा आहे. हात कुणाचा आहे, ते तुम्हीच सांगा."