रेडिएटरचं पाणी

जयवंत टॅक्सीवाल्याची बायको रखमा न्युमोनियानं गेली. तेरावं झालं तसा तो पुन्हा टॅक्सी काढू लागला. परळच्या खोलीत बसून करायचं काय?

आठव्या दिवशी गिरगावातून दादरचं भाडं मिळालं. लालबागला पुढं संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा लागला. अर्धा तास गाडी पहिल्या गिअरमध्ये मोर्च्यामागं रांगत होती. मग बोनेटमधून भसाभस वाफ निघाली आणि इंजिन बंद पडलं. भाडं उतरून चालत गेलं. जयवंतनं घाईघाईनं रेडिएटरचं झाकण फिरवलं, तर वाफेनं मनगट भाजलं. मोर्च्यातल्या एकानं हॉटेलातून बादलीभर पाणी आणून दिलं. जयवंतनं ते तसंच ओतलं. आत काहीतरी कडाडलं.

तो माणूस घोषणा देत पुढं निघून गेला. एवढ्या गर्दीत जयवंत भाजलेला हात धरून एकटाच उभा राहिला.

माझगावच्या रामजी मिस्त्रीनं इंजिन खोललं.

"इंजिनाच्या हेडला तडा गेलाय. पाणी नावालाच होतं रे आत, मग गरमी जाणार कुठं? वर तापल्या इंजिनात गार पाणी ओतलंस."

"कालपरवापर्यंत तर बरी चालत होती."

"खालच्या पाइपाचा सांधा गळतोय. गंज बघ, वर्षाचं गळणं आहे हे. रोज तांब्याभर पाणी लागत असणार. कोण घालायचं?"

जयवंतनं गंजलेल्या सांध्यावर बोट फिरवलं. रखमा सकाळी गाडी पुसायला खाली जायची, कळशी घेऊन. तो तेव्हा चहा पीत असे. ती नुसती पुसते, एवढंच त्याला ठाऊक होतं.

"घरातलं माणूस घालायचं," तो म्हणाला.

गाडी बारा दिवसांनी मिळाली. दुसऱ्या दिवशी पहाटे जयवंत कळशी घेऊन चाळीच्या नळावर गेला. बायकांचं बोलणं थांबलं. तो रांगेच्या शेवटी उभा राहिला.

"भावोजी, तिथं नको," शेजारची गंगुबाई म्हणाली. "रखमाचा नंबर माझ्यामागं. इथं या."

कुणी हरकत घेतली नाही. तो मान खाली घालून पुढं सरकला.

खाली जाऊन त्यानं बोनेट उघडलं. सांधा नवा होता; पेलाभर पाण्यातच रेडिएटर भरला. उरलेली कळशी घेऊन तो जिना चढला आणि एका कपाचा चहा टाकला.