खर्जातला पाय

गुनवोरचा दुकानदारांवर विश्वास नव्हता, त्यातून बर्गनच्या दुकानदारांवर तर मुळीच नव्हता. शहरातला माणूस समोरच्याच्या पोटातली भूक ओळखतो आणि मग वाटेल तो भाव लावतो, असं तिचं ठाम मत. म्हणून गावाहून येताना तिने ब्रेड आणि तपकिरी चीजचा डबा बरोबर आणला होता. आगगाडीतच तो संपवून, भरल्या पोटी ती इअरफोनच्या दुकानात शिरली.

काउंटरमागे चाळिशीचा एक दाढीवाला उभा होता. काळा टी-शर्ट, त्यावर कवटी, आणि गळ्यात त्याचे स्वतःचे इअरफोन लोंबत होते. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं यार्ले.

"बोला. काय ऐकता तुम्ही?" त्याने विचारलं.

"का? तुम्हाला काय करायचंय?"

"तसं नाही हो. कुठलं संगीत ऐकता त्यावर इअरफोन ठरतो. गाणं ऐकणाऱ्याला एक, ढोलबाजा ऐकणाऱ्याला दुसरा."

"हार्डांगर फिडल, आमच्याकडचं व्हायोलिन. एक माणूस, एक फिडल, बस्स. आणि महागातले पुढे करू नका. भाची म्हणाली, स्वस्तातले कानाला जाच आणि महागातले खिशाला. मधले काढा."

खरं तर गुनवोरला संगीत ऐकायचं नव्हतंच. तिला एक चोर पकडायचा होता.

चोराचं नाव ब्रिन्युल्व. गुनवोरच्या शेताला लागूनच त्याचं शेत. एके काळी ती त्याला काका म्हणायची, त्याच्या स्वयंपाकघरात बसून वॅफल खायची. मग त्याची ती कॅसेट निघाली, रेडिओवर वाजली, आणि त्यातली एक धून ऐकून पंधरा वर्षांची गुनवोर जागच्या जागी थिजली. ती धून तिच्या बापाची होती.

बापाने, तोर्गिल्सने, ती फिडलवर कधी वाजवलीच नव्हती. वाजवणार कसा? तिची आई प्रार्थनागृहाकडे वळली होती आणि तिथल्या लेखी फिडल म्हणजे सैतानाचं वाद्य. तोर्गिल्सने सगळ्यांसमोर शब्द दिला, यापुढे फिडलला हात लावणार नाही, आणि फिडल पेटीत घालून माळ्यावर टाकलं. पण पोटातली धून माळ्यावर थोडीच टाकता येते! ती गोठ्यात बाहेर पडायची. दूध काढताना तो गुणगुणायचा. एका गायीचं झालं की स्टूल पुढे सरकवायचा, आणि तेवढ्यापुरता त्याचा सूर अडखळायचा. अडखळता अडखळता तो धक्का त्या धुनेचाच भाग होऊन बसला. हे फक्त गुनवोरला आणि गायींना ठाऊक होतं.

त्यांच्या खोऱ्यात फिडल वाजवण्याआधी आपण ही धून कोणाकडून घेतली ते सांगायचं असतं. बाकी काही विसरलं तर चालतं, हे विसरून चालत नाही. आणि कॅसेटवर त्या एका धुनेखाली कोणाचंच नाव नव्हतं. म्हणजे गोठ्याच्या भिंतीला कान लावून चोरलीन्, गुनवोरने तेव्हाच ठरवून टाकलं. बापाचे हात शब्दाने बांधलेले, त्याला साधं 'माझी' म्हणायची सोय नाही, हे बघून डाव साधला मेल्याने! रेडिओवर ती धून लागली तेव्हा तोर्गिल्स उठून बाहेर निघून गेला होता. ती पाठ गुनवोर विसरली नव्हती. तेव्हापासून ब्रिन्युल्व समोरून आला की ती रस्ता बदलायची.

आता बाप नव्हता, आईही नव्हती; त्याला गावभर चोर म्हणायला कोणाची आडकाठी उरली नव्हती. आणि येत्या शनिवारच्या स्पर्धेत ब्रिन्युल्वची नात एल्द्रिद नेमकी तीच धून वाजवणार होती. गुनवोर भर सभेत उभी राहून सांगणार होती, ही धून चोरीची आहे. फक्त पुरावा हवा होता. चोराने धुनेबरोबर तो स्टुलाचा धक्काही उचलला असेल, तर सुटका नव्हती. भाचीने कॅसेट फोनमध्ये उतरवून दिली, पण फोनच्या भोंग्यातून नुसती खरखर यायची.

यार्लेने पहिली जोडी काढली. तिच्या रबरी टोप्या गुनवोरने आधी उलटसुलट करून बघितल्या.

"कोणाच्या कानात जाऊन आल्यात?"

"कोऱ्या आहेत, बाई. तुमच्यासमोर पाकीट फोडलं."

"पाकीट पुन्हा चिकटवता येतं."

तो हसला. गुनवोर हसली नाही. ही जोडी गाण्यासाठी बरी होती, फिडल मात्र गोधडीखाली घालून वाजवल्यासारखं येत होतं. तिने जोडी परत केली.

"मग तुम्हाला तार स्वच्छ हवी," तो म्हणाला आणि दुसरी जोडी पुढे केली. "ही घ्या. तरफेच्या तारासुद्धा मोजता येतील."

मोजता आल्या. फिडलच्या खालच्या तारा आपसूक झणझणत होत्या, गजाचा एकेक ओढा वेगळा कळत होता. गुनवोरने डोळे मिटले. धून वळली, वर चढली, आणि पुढच्या ओळीत शिरण्याआधी क्षणभर अडखळली. स्टूल सरकलं! अगदी बापासारखंच सरकलं. सापडला चोर. तिला भर दुकानात टाळी वाजवावीशी वाटली, आणि त्याच क्षणी रडूही आलं, कारण कितीतरी वर्षांनी तिला बापाचा गोठा ऐकू आला होता.

"हीच द्या," ती नाक पुसत म्हणाली. तो खोकं शोधायला वाकला तेव्हा त्याच्या गळ्यातल्या जोडीवर पुन्हा तिची नजर गेली, आणि जुना किडा वळवळला. "थांबा. तुमच्या गळ्यात ही का नाही? वेगळी दिसते ती."

"माझी? ती खर्जाची आहे. माझ्या संगीतात नुसता दणदणाट असतो, त्याला लागते. तुमच्या फिडलला काही उपयोग नाही."

"किंमत?"

"तेवढीच."

"म्हणजे चांगलं ते स्वतःला आणि उरलेलं गिऱ्हाइकाला! तीच काढा. कोरी."

"अहो, फिडलमध्ये खर्ज असतो कुठे? उगाच पैसे वाया जातील तुमचे."

दुकानदाराला आपल्या पैशांची काळजी वाटते म्हटल्यावर तर गुनवोरचा संशय पक्काच झाला. यार्लेने उसासा टाकून तिसरं पाकीट फोडलं.

फिडल मागे गेलं, जाडं झालं. माणूस बरोबर सांगत होता, हे तिला लगेच कळलं. कबूल करायचं नव्हतं म्हणून ती ऐकत राहिली. आणि मग तळातून तो ठोका आला.

वाजवणारा पायाने ताल धरतोच, त्यात नवल नव्हतं. ब्रिन्युल्वचा पाय लाकडी जमिनीवर धप्प धप्प पडत होता. पण त्याच्या शेजारी आणखी एक पाय होता. टाच पडायची, मग पंजा जरा घासत यायचा, आणि ठोका किंचित उशिरा लागायचा. टाच, घसर, ठक. टाच, घसर, ठक.

गुनवोरने काउंटर धरलं. ओंडक्याखाली सापडून तोर्गिल्सचा उजवा पाय अधू झाला होता. जिन्यावर, ओसरीवर, गोठ्याच्या फळ्यांवर तो पाय असाच वाजायचा. आई म्हणायची, या माणसाला चोरून घरात शिरताच येणार नाही.

आणि शब्द देण्याआधी तोर्गिल्स शिकवायचा तो असाच. स्वतः वाजवायचा नाही. शिकणाऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचा, गुणगुणायचा आणि पायाने ताल द्यायचा. धून सरकत होती, तो पाय तिला पुढे नेत होता. धक्क्याची जागा आली तसा तो मुद्दाम थांबला, बरोबर तेवढाच थांबला, आणि ब्रिन्युल्वचं फिडल त्याच्यासाठी थांबलं. गोठ्याच्या भिंतीला कोणीही कान लावला नव्हता.

"बरं वाटत नाही का? पाणी आणू?" यार्ले घाबरून विचारत होता.

"हीच द्या," ती म्हणाली.

"पण तुमच्या फिडलला..."

"हीच द्या म्हटलं ना."

परतीच्या गाडीत तिने ती धून पुन्हा पुन्हा लावली. स्वतःची इतकी लाज तिला आयुष्यात वाटली नव्हती. स्टेशनवरून घरी न जाता ती थेट ब्रिन्युल्वच्या दारात जाऊन उभी राहिली. इतकी वर्षं या दाराकडे तिने बघितलंही नव्हतं. दाराचा रंगसुद्धा बदलला होता.

ब्रिन्युल्व स्वयंपाकघरात कॉफी पीत बसला होता. फार म्हातारा झाला होता. वरच्या मजल्यावर एल्द्रिद सराव करत होती.

"भांडायला आलीस तर बसून भांड," तो म्हणाला. "शनिवारी उभी राहणार आहेस असं ऐकलं."

गुनवोरने फोन काढला. तिने एक इअरफोन त्याच्या कानात घातला, दुसरा आपल्या.

"त्या कानाने ऐकू येत नाही मला. या बाजूला ये."

ती उठून दुसऱ्या बाजूला बसली. धून सुरू झाली. मग खालून तो पाय आला आणि म्हाताऱ्याच्या हातातला पेला टेबलावर टेकला.

"सापडला म्हणायचा तुला," तो म्हणाला.

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुझ्या बापाला शब्द दिला होता. कॅसेटवर त्याचं नाव आलं असतं, तर तुझ्या आईला काय कळलं असतं? नवरा अजून नाचाच्या धुना रचतोय. प्रार्थनागृहात तिला मान वर करता आली नसती. फार जपायचा गं तो तिला."

"पण बाबांनी तर आईला शब्द दिला होता."

"फिडलला हात लावणार नाही, असा. नाही लावला. माझं फिडल इथे टेबलावर असायचं, तरी कधी बोट लावलं नाही त्याने." म्हाताऱ्याच्या ओठाचा कोपरा हलला. "पायाबद्दल काही बोलणं झालं नव्हतं."

गुनवोरला हसू फुटलं आणि त्यातच हुंदका आला.

"रेडिओवर लागली तेव्हा ते उठून निघून गेले," ती कशीबशी म्हणाली. "मला वाटलं..."

"इथे आला होता. या खुर्चीत बसून रडला. म्हणाला, रेडिओवर वाजली रे!"

"आईला जाऊनही आता वर्षं झाली. मला सांगायचं तरी."

"तू मला बघून रस्ता बदलायचीस. कुंपणावरून ओरडून सांगू?"

ज्याने बापाचं गुपित सांभाळलं त्याला तिने गावभर चोर म्हटलं होतं, आणि त्याने ते ऐकून घेतलं होतं. वर एल्द्रिदची धून त्या धक्क्यापाशी आली, अडखळली आणि पुढे गेली.

"काका," गुनवोर म्हणाली. बऱ्याच वर्षांनी तो शब्द तोंडात आला आणि नीट बसेना. "शनिवारी मी उभी राहणारच आहे."

"काय सांगणार?"

"तिने कोणाकडून घेतली ते ती सांगेल. तुम्ही कोणाकडून घेतलीत, ते मी सांगते."

ब्रिन्युल्वने मान हलवली. त्याने खिडकीतून तिच्या गोठ्याच्या छपराकडे बघितलं. मग त्याने कानातली रबरी टोपी बोटाने आत दाबली.

"परत लाव," तो म्हणाला. "आणि माझं फिडल जरा कमी ऐकू येईल असं काही असेल तर बघ."