माझ्या पात्याखाली तुटलेल्या आऱ्या

सुज्ञ वाचकहो आणि बालमित्रांनो, मी एक जुने खुरपे आहे. माझा जन्म, माझी सेवा व माझ्याकडून घडलेला एक अपराध आज आपणासमोर यथामती कथन करणार आहे. काही न्यून राहिल्यास मोठ्या मनाने क्षमा असावी.

गाडीच्या मोडक्या पाट्याच्या तुकड्यातून एका लोहाराने मला घडविले. ज्या ताईने मला घरी नेले, तिच्या मनगटाला माझा बाक असा जुळला, की दुसऱ्या कोणी मला हातात धरले तर मलाच अवघडल्यासारखे होई. पुष्कळ वर्षे आम्ही दोघांनी भुईमुगाची निंदणी केली. ज्या वर्षी पावसाने उसंत दिली नाही व निंदणी लांबली, त्या वर्षी खत-पाणी सारे तणाने खाल्ले आणि आमच्या हाती पोचट शेंगा आल्या. ताई मला धुऊन, पुसून, तेलाचे बोट लावून ठेवीत असे. असे भाग्य किती खुरप्यांना लाभते?

मित्रांनो, एका वर्षी ताईच्या धाकट्या भावाने नवे बी आणले.

"ताई, हे उपट्या जातीचं, उभं वाढणारं. आपल्या जमिनीवर पसरणाऱ्या पसऱ्या जातीपेक्षा महिनाभर आधी निघतं."

"उतावळं दिसतंय, तुझ्यासारखंच!" ताई म्हणाली.

"हस तू. अर्ध्या रानात लावतो. नाही पिकलं तर मधे बांध घालू. तुझं तू बघ, माझं मी."

बांधाचे नाव निघताच ताईचे हसू मावळले. आईवडिलांच्या मागे दोघांनी ते रान एकत्र कसले होते.

पेरणीपासून ताई रोज दोरीला एक गाठ मारीत असे. चाळीस गाठी झाल्या की दुसरी निंदणी, हा तिचा नेम. त्या सुमारास धाकटा तापाने अंथरुणाला खिळला. त्याच्या भागात गवत माजलेले पाहून ताईला राहवले नाही. आपले काम बाजूला टाकून ती मला घेऊन तिकडे बसली.

येथेच घात झाला. भुईमुगाचे फूल सुकले, की त्यातून सुईसारखी आरी निघून मातीत शिरते व तिच्याच टोकाला शेंग धरते. पसऱ्या जातीला चाळिसाव्या दिवशी नुकती फुले येत. नव्या जातीच्या आऱ्या मात्र केव्हाच जमिनीत उतरल्या होत्या. मी त्या कराकरा तोडीत गेले नाही, मित्रांनो. मी त्या अगदी हळुवार तोडीत गेले, कारण ताईचा हातच मायेचा होता. चार ओळी संपल्यावर तिने एक झाड उचलून पाहिले आणि मला खाली टाकले.

वरून माती ओढली असती तर कोणाला कळणार होते? दोष बियाला लागला असता व ताईचा जुना वाणच खरा ठरला असता. परंतु तिने तुटलेल्या आऱ्या ओंजळीत वेचल्या, मला कमरेला खोचले आणि ती थेट भावाच्या उशाशी गेली.

"काय आणलंस?"

"तुझ्या शेंगा. मीच मोडल्या रे. बियाला नावं ठेवू नकोस."

धाकटा ओंजळीकडे पाहतच राहिला. "किती ओळी?"

"चार."

"चारच? तू बसलीस म्हणजे मला वाटलं, रान उजाड!"

"मेल्या, तापातसुद्धा जीभ आवरत नाही तुझी," असे म्हणता म्हणता ताईने डोळे पुसले. "उरलेलं मोठं गवत मी वरून कापून घेते. मुळाला हात लावत नाही."

"काप. पण दुपारी सावलीत बस जरा. आणि ताई... ते बांधाचं मी रागात बोललो होतो."

काढणीला त्या चार ओळींत मूठमूठ शेंगा निघाल्या. बाकीच्या झाडांना मात्र घोसच्या घोस लगडले होते. चारही ओळींच्या शेंगा धाकट्याने निराळ्या ठेवल्या व भाजून पहिली मूठ ताईला दिली.

आता माझे पाते झिजून बोटाएवढे उरले आहे. माझी एकच विनंती आहे: तण वेळेवर काढा, पण कोणत्या वाणाला कोणता दिवस सोसतो, हे आधी झाड उचलून पाहा. मला धार दिली आहे, डोळे दिलेले नाहीत. आणि आपल्या हातून काही तुटले, तर त्यावर माती ओढू नका.

आपण वेळात वेळ काढून माझे बोल वाचलेत, याबद्दल आभारी आहे.

आपले नम्र,
ताईचे खुरपे