टेकूंखालचे चौकोन

सुनेने माझ्या केबिनमध्ये शिडांच्या पिशव्या कोंबल्या, त्या दिवशी मी तिला हलकट म्हटलं. तोंडावर म्हटलं. पाठीमागे कुजबुजायची सवय मला नाही. ती शिडीच्या टोकाशी उभी होती, शांतपणे म्हणाली, "तात्पुरतं आहे हो, आई," आणि खाली उतरून गेली. माणसाने उलटून बोलावं तरी! ही बया कधी उलटून बोलत नाही, आणि त्यामुळेच माझं डोकं जास्त फिरतं.

बोट तेव्हा दुरुस्तीच्या यार्डात उभी होती. पाण्याबाहेर काढलेली बोट फार बापुडवाणी दिसते. पोट उघडं पडलेलं, दोन्ही बाजूंनी लोखंडी टेकू, आणि आत जायचं तर उंच शिडी चढायची. पण ती माझं घर आहे. आमच्या ह्यांनी आणि मी ती घेतली तेव्हा मुलगा पोटात होता. त्यानंतर जमिनीवर आम्ही संसार असा केलाच नाही. हे गेले, बोट मुलाच्या नावावर झाली, मागची मोठी केबिन मी त्या दोघांना दिली आणि पुढच्या चिंचोळ्या केबिनमध्ये माझी गादी नेली. मला दुसरं घर नाही. जिच्याकडे जाऊन राहावं अशी बहीण नाही, मुलगी नाही. ती गादी गेली की मी रस्त्यावर, इतकं ते सरळ होतं.

आणि यंदा या दोघांनी लांबचा बेत आखला होता. रंगरंगोटी झाली, बोट पाण्यात पडली, की थेट समुद्र ओलांडून पलीकडे. परत कधी यायचं ते ठरलेलं नव्हतं. मी बरोबर आहे की नाही, हेही कुणी धड सांगत नव्हतं. शेवटी मीच विषय काढला.

"मी येतेय ना?"

सून दोऱ्या धूत होती. "लांबचा प्रवास आहे, आई. काम करणारी माणसं लागतात."

"मग मी काय शोभेला आहे?"

"तसं कुठे म्हटलं? यंदा तळाचं काम तुम्ही घ्या. ते कसं होतंय ते बघू, मग ठरवू."

मी मुलाकडे पाहिलं. तो एका गाठीशी खेळत बसला होता. "तू बोल की रे! तोंडात काय कोंबलंयस?"

"ती म्हणतेय ते बघू ना, आई," तो म्हणाला. नंदीबैल नुसता. बापाचा एक गुण घेतला असेल तर शपथ.

खरं सांगायचं तर हा नियम माझाच होता. नवीन लग्न होऊन ही आली तेव्हा पहिल्याच लाटेत बादलीत ओकायला लागली. बादली मी तिलाच धुवायला लावली. दुसरं कोण धुणार होतं? म्हटलं, इथे राहायचं तर काम करावं लागेल, समुद्र कुणाचे लाड करत नाही. तिची आई राहायला आली होती, तिला मी दोन दिवसांत परत पाठवली, कारण बाई केस धुवायला पिण्याचं पाणी वापरायची. सून त्याला छळ म्हणते. शेजारच्या बोटीवर बोलताना मी ऐकलंय. आज बोट हेलकावे खात असताना ती एका हाताने पातेलं धरून तीन माणसांचा स्वयंपाक उरकते, ते कुणामुळे? माझ्यामुळे. पण उपकाराची जाण कुणाला असते?

असो. मी तळाचं काम घेतलं.

ज्याने केलंय त्यालाच कळेल ते काय असतं. शिंपल्यांचे खडबडीत थर पत्र्याने खरवडायचे, मग जुना निळा रंग घासायचा, मग नवीन चढवायचा. शिंपले धरू नयेत म्हणून त्या रंगात विषच असतं, त्याची धूळ नाकातोंडात जाते. सगळ्यात खालच्या कण्याला तर फळीवर उताणं पडून हात लावावा लागतो. माझं मनगट सुजून टम्म झालं. निळी थुंकी पडायची. यार्डातले लोक येता-जाता म्हणायचे, मावशी, या वयात कशाला? मी म्हणायचे, तुमच्या बायकांना विचारा या वयात त्या काय करतात.

संध्याकाळी सून बॅटरी घेऊन तपासायला यायची. अंगठा फिरवत फिरवत जायची आणि थांबायची. "इथे राहिलंय, आई."

मी बघायचे, तर खरंच राहिलेलं असायचं. ती चुकीची असती तर मी तिची सालटी काढली असती. एकदा तिने डावी बाजू पूर्ण पुन्हा घासायला लावली. हात भरून आले होते, तरी घासली. मला त्या बोटीवर जायचं होतं. त्यापुढे मनगट काय चीज आहे?

मी खाली घासत होते आणि वर माझी केबिन संपत चालली होती. पिशव्यांवर नांगराची जादा साखळी आली. मग करवतीचा आवाज आला. मी धापा टाकत शिडी चढून गेले, तर माझ्या गादीखालची फळी मधोमध कापलेली आणि त्या जागी पाण्याची टाकी.

"टाकी दुसरीकडे बसतच नव्हती," मुलगा म्हणाला. तो एका झडपेला ग्रीस लावत होता.

"आणि मी कुठे झोपायचं? टाकीत?"

"मधल्या खोलीतल्या बाकावर झोप ना. तिथे हेलकावेही कमी लागतात."

"म्हणजे मी येतेय."

"हो ना गं," तो म्हणाला. मान वर न करता म्हणाला, पण म्हणाला. मी तेवढ्यावर खूश. त्या रात्री मी त्याला शिव्यासुद्धा दिल्या नाहीत.

बोट उतरवायच्या दिवशी क्रेनवाल्याने पोटाखालून दोन रुंद पट्टे घातले आणि ती हळूच उचलली. टेकू बाजूला झाले. आता यात एक गोम असते. टेकूंच्या गाद्या जिथे बोटीला टेकलेल्या असतात तिथे रंग लागलेलाच नसतो. बोट हवेत लटकली की ते कोरे चौकोन दिसतात आणि ती तशी लटकत असतानाच रंगवावे लागतात. म्हणजे एकाने खाली राहायचं. बोट पाण्यात गेली की त्याने चालत धक्क्याच्या टोकाला जायचं, बोट तिथे लागते, मग चढायचं. दरवर्षी हे आमचे हे करायचे, त्यांच्यानंतर मुलगा.

यंदा सून म्हणाली, "आई, तुम्हीच करा. तुमच्याइतका साफ हात कुणाचा नाही."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून निघालेला पहिला चांगला शब्द होता तो. मी ब्रश घेतला. ती दोघं शिडी चढून वर गेली आणि शिडी काढली गेली.

मी मन लावून काम केलं. एकेक चौकोन घासला, पुसला, एक हात दिला, सुकू दिला, दुसरा हात दिला. हा क्रेनवाला एरवी बोट लटकत असली की बोंब मारतो, उरका उरका करतो. आज म्हणाला, "सावकाश होऊ द्या, मावशी." शिडं शिवणारी बाई रंगाचा डबा धरून माझ्याबरोबर फिरली. कुणीतरी चहा आणून दिला, बिनसाखरेचा, मला लागतो तसा. यार्डातली माणसं इतकी गोड कधी वागत नाहीत. मला वाटलं, जाताना माया दाखवतायत. मीही जरा मऊ झाले, बाईला म्हटलं, पत्ता असेल तर फोटो पाठवीन हो.

बोट पाण्यात टेकली. कुठून पाणी आत येतंय का ते मुलाने तपासलं आणि वरून अंगठा दाखवला. पट्टे सैल झाले. इंजिन खोकलं, मग लागलं. मी चिंधीने हात पुसत धक्क्याच्या टोकाला गेले.

बोट मागे आली, वळली, माझ्या रोखाने आली. हात लांब केला असता तर कठड्याला लागला असता, इतक्या जवळून.

"दोर टाक!" मी ओरडले.

दोर आला नाही. सुकाणूवर सून होती. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. रागाने नाही, आणि हसलीही नाही.

"रंग फक्कड झालाय, आई," ती म्हणाली आणि इंजिन वाढवलं.

मुलगा पाठमोरा बसून दोर गुंडाळत होता, तो गुंडाळलेला असूनही.

मी त्याला हाक मारली, लहानपणी मारायचे तशी. त्याची मान खांद्यात गेली, वळली नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रडू वगैरे काही आलं नाही. मी त्या दोघांचा उद्धार केला, मोठ्याने केला, सगळ्या यार्डाला ऐकू जाईल असा.

क्रेनवाला मागे येऊन उभा राहिला होता. त्याच्या हातात माझी पिशवी.

"पहाटेच ठेवून गेले," तो म्हणाला. "तुमच्या राहण्यासाठी ऑफिसच्या मागच्या खोलीचंही बोलून ठेवलंय त्यांनी."

मी पिशवी उघडली. माझे कपडे, गोळ्या, चष्मा. कपड्यांच्या घड्या मुलाने घातल्या होत्या. सून बोळे करून कोंबते. अशा घड्या मीच त्याला शिकवल्या होत्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं, मावशी. तुम्हाला कोण सांगणार? तुमच्या तोंडाला कोण लागणार?"

मी बोटीकडे बघत होते. ती धक्क्यांच्या मधून बाहेर पडत होती, आणि घासू नये म्हणून बाजूला बांधतात ते रबरी फुगे अजून तसेच बाहेर लोंबत होते. असल्या अवतारात कुणी समुद्रावर जातं का? माझा संताप कुठल्या कुठे गेला आणि तोंडातून आपसूक निघालं,

"फुगे आत घे, गाढवा!"

तो ताडकन उठला. वाकून एकेक फुगा आत ओढला, सगळे नीट बांधून ठेवले आणि पुन्हा जाऊन तिच्या शेजारी बसला.